जुन्या धार्मिक चित्रांत वावटळ शोधायची कशी (भोवरा शोधत बसू नका)

नेटवर इंग्रजीत बायबल आणि वावटळ असं टाकून सर्च केलं की वर जी एकदम जबरदस्त चित्रं येतात ना, दाढीवाला देव वाऱ्याच्या वेटोळ्यातून हात पसरून येतोय वगैरे, किंवा नागडी माणसं एका मोठ्या लोटात गरगर वर चाललीयेत, ती मध्ययुगातली नाहीतच. ती विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराची. बायबलातल्या दुःखं सोसणाऱ्या ईयोबवरची त्याची चित्रमालिका १८२६ ची आणि इटालियन कवी दांतेच्या काव्यावरची चित्रं १८२४ ते १८२७ च्या दरम्यानची. त्याच्या खालोखाल येतो फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरे, त्याची दांतेच्या नरकाची चित्रं १८६१ ची. पिंटरेस्टवर मात्र सगळ्याला सरसकट 'मेडिव्हल' म्हणून लेबल लावलेलं असतं आणि लोक खुशाल शेअर करतात. म्हणून पहिलं काम हेच, वाऱ्याचा छान गोल गोल फिरणारा खांब दिसला की आधी तारीख बघायची, बहुतेक वेळा ती चारपाचशे वर्षं अलीकडची निघते.

खऱ्या मध्ययुगीन चित्रात, म्हणजे साधारण ५वं शतक ते १५वं शतक असं धरू, वावटळ असा आकार जवळजवळ सापडतच नाही. पोथीत शब्द असतो, चित्रात नसतो. मग शोधायचं काय, तर वाऱ्याने काय केलं ते. कोण उचलला गेलाय, काय पडलंय, कपडे कुठल्या बाजूला उडतायत, कोण फुंकतंय.

आता सुरुवात चित्रापासून करू नका, मजकुरापासून करा, वेळ वाचतो. मराठी बायबल घ्या, ॲपवर फुकट आहे. चार जागा वाचून ठेवा. २ राजे अध्याय २, तिथे एलीया हा संदेष्टा वावटळीतून वर स्वर्गात जातो. ईयोब अध्याय ३८, तिथे देव वावटळीतून ईयोबशी बोलतो (आणि ४०व्या अध्यायात परत एकदा). यहेज्केल अध्याय १, तिथे उत्तरेकडून वादळी वारा येतो आणि त्यातून ते चार चेहऱ्यांचे प्राणी आणि चाकं दिसतात. आणि ईयोबचाच अध्याय १, तिथे रानातून मोठा वारा येऊन घराचे चारही कोपरे हाणतो आणि आत जेवायला बसलेली त्याची दहाही मुलं दबून मरतात. ही शेवटची जागा लोक विसरतात, पण चित्रं सापडायला तीच सगळ्यात सोपी आहे, त्यावर येतोच पुढे.

इथे एक गोची आहे, ती आधीच सांगतो. मध्ययुगीन लॅटिन बायबलात राजेंची पुस्तकं दोन नसून चार आहेत, कारण आपण ज्यांना १ आणि २ शमुवेल म्हणतो ती त्यांच्याकडे राजे एक आणि दोन. त्यामुळे आपलं २ राजे म्हणजे त्यांचं ४ राजे. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये रोमन आकड्यात चार लिहिलेलं असतं, आपण दोन टाकून शोधत बसतो आणि हाती येतात दावीदाची चित्रं.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते पण गाइडबुकात कुणी लिहीत नाही, ती म्हणजे चित्र कुठल्या पानावर असतं. साध्या लॅटिन बायबलात चित्र प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या अक्षराच्या पोटात काढलेलं असतं, त्यामुळे जी घटना पुस्तकाच्या सुरुवातीला येते तिचं नशीब उघडतं. यहेज्केलचं दर्शन पहिल्याच अध्यायात, म्हणून त्याची चित्रं भरपूर. एलीयाचं वर जाणं दुसऱ्या अध्यायात, म्हणून तेही बऱ्यापैकी मिळतं, कधी त्याच्या जागी पहिल्या अध्यायातला राजा अहज्या माडीवरून खाली पडताना दाखवतात. आणि बिचारा ईयोब, त्याची वावटळ आहे ३८व्या अध्यायात, त्यामुळे त्याच्या पुस्तकाच्या अक्षरात तुम्हाला नव्वद टक्के वेळा उकिरड्यावर बसलेला, अंगभर फोड आलेला ईयोबच दिसणार. मग तिथे वावटळ नाही म्हणून चित्रकाराला नावं ठेवू नका, जागाच तिथे नव्हती.

एलीयापासून सुरू करा, कारण माल भरपूर आहे. मजकुरात नीट बघाल तर अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येऊन एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यांना वेगळं करतात, आणि एलीया वर जातो तो वावटळीने. रथात बसला असं सरळ कुठेच म्हटलेलं नाही. पण चित्रात? चित्रात तो रथातच बसलेला असतो, शंभरातल्या नव्याण्णव वेळा, आणि वावटळ गायब. याचं कारण असं की चित्रकारांकडे आकाशात जाणाऱ्या रथाचा तयार नमुना होता, रोमन सूर्यदेवाचा चार घोड्यांचा रथ. ४थ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवर, म्हणजे त्या कोरीव संगमरवरी सार्कोफॅगसवर, एलीया अगदी सूर्यदेवाच्या थाटात रथ हाकताना दिसतो, आणि काहींवर खाली कोपऱ्यात एक बुवा आडवा रेललेला असतो, तो म्हणजे यार्देन नदी. नदीला माणूस करून टाकायची ही रोमन सवय, ती लक्षात ठेवा, वाऱ्याच्या बाबतीत परत लागणार आहे. रोममध्ये सांता साबिना चर्चचं लाकडी दार आहे, ५व्या शतकातलं, त्यावरही हा प्रसंग आहे, आणि एवढं जुनं लाकूड तिथे अजून जागच्या जागी आहे हेच मला भारी वाटतं.

मग ओळखायचं कसं? हवेत चाललेला प्रत्येक माणूस एलीया नसतो, आणि इथे भले भले गंडतात. खुणा तीन. रथ किंवा घोडे, बहुतेक लाल. खाली उभा असलेला दुसरा माणूस, हात वर केलेला. आणि दोघांच्या मधे एक कापड, कारण एलीयाचा झगा खाली पडतो आणि अलीशाला मिळतो. हा झगा म्हणजे पक्की खूण, रथ पुसट झाला असला, रंग उडाला असला तरी दोन माणसांमध्ये ताणलेलं कापड दिसलं की समजायचं एलीया. तेच जर देवदूताने एखाद्याला केसाला धरून उचललंय आणि त्याच्या हातात जेवणाची टोपली किंवा भांडं आहे, तर तो हबक्कूक, सिंहांच्या बिळातल्या दानीएलला डबा पोचवायला चाललाय (ही गोष्ट प्रोटेस्टंट बायबलात नाही, कॅथलिक बायबलात दानीएलच्या १४व्या अध्यायात बघा). केसाला धरलंय पण हातात जेवण नाही, तर यहेज्केल असू शकतो, अध्याय ८. दोन बाजूंना गरुडसिंह आणि हातात मांस टोचलेल्या काठ्या, तर तो चक्क सिकंदर, इटलीत ओत्रांतोच्या कॅथेड्रलच्या फरशीवरच्या मोझेकमध्ये तो असा बसलाय, ११६३ ते ११६५ चं काम आहे. नुसते पाय दिसतायत आणि वरचं अंग ढगात, तर येशू. ही नुसत्या पायांची पद्धत साधारण इसवी सन १००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघाली आणि पहिल्यांदा बघितली की हसू येतं.

विंचेस्टर बायबलमधलं ४ राजेचं पहिलं अक्षर नक्की उघडून बघा. १२व्या शतकातलं, साधारण ११६० नंतरचं काम, विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये आहे, आणि ते पुस्तक पूर्ण झालंच नाही, कित्येक अक्षरं नुसती रेखाटून सोडलीयेत. त्यातलं हे मोठं पी अक्षर. त्यात अहज्याचे निरोपे एलीयाला भेटतात आणि एलीया अग्निरथातून वर जातो, दोन्ही आहे. ज्याने काढलंय त्याचं नाव माहीत नाही, अभ्यासक त्याला उड्या मारणाऱ्या आकृत्यांचा उस्ताद म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे कारण त्याची माणसं कधी सरळ उभीच राहत नाहीत. झूम करून कपड्यांकडे बघा. ओल्या कापडासारख्या अंगाला चिकटलेल्या घड्या आणि त्या घड्यांच्या रेषा मांडीवरून, पोटावरून वळत वळत जातात. मी तर म्हणेन वावटळ शोधायची तर ती इथे आहे, या रेषांत, चित्रकाराने वाऱ्याचा आकार काढला नाही पण सगळ्या पानाला पिळा दिलाय.

व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्ग मठात निकोलस ऑफ वर्दूनने ११८१ ला केलेली मिनाकारीची वेदी आहे, तिथे बघायची पद्धत वेगळी. त्यावरच्या चौकटी तीन ओळींत लावलेल्या आहेत, मधल्या ओळीत येशूचं आयुष्य आणि वर खाली जुन्या करारातले जुळणारे प्रसंग. येशूचं स्वर्गारोहण मधे, वर हनोख (बायबलात देवाने जिवंतच उचलून नेलेला दुसरा माणूस), खाली एलीया. म्हणजे एखाद्या चर्चमध्ये किंवा पोथीत येशू वर चाललाय आणि शेजारी दोन छोटी चित्रं आहेत असं दिसलं तर त्यातलं एक एलीया असणार हे न बघताही सांगता येतं. गरिबांचं बायबल म्हणून जी चित्रांची पुस्तकं पुढे निघाली त्यातही हीच जोडी आहे.

रशियन आयकॉन मात्र वेगळे. नोव्हगोरोदकडचे वगैरे एलीयाच्या अग्निमय आरोहणाचे आयकॉन बघितलेत तर मधोमध एक लालभडक गोळा असतो, त्यात घोडे, रथ, एलीया, आणि खाली अलीशा त्याचा झगा धरून ओढतोय. युरोपातल्या सगळ्या चित्रांमध्ये वावटळीच्या आकाराच्या जवळ जाणारं मला हेच वाटतं, पण जपून, तो गोळा आगीचा आहे, वाऱ्याचा नाही, रंगावरून कळतंच.

आता ईयोब. ३८व्या अध्यायाची चित्रं हवी असतील तर लॅटिन बायबल सोडा आणि बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातल्या, ग्रीक पोथ्यांकडे वळा, कारण तिकडे ईयोबच्या एकट्या पुस्तकाच्या स्वतंत्र सचित्र पोथ्या आहेत, ९व्या शतकापासूनच्या, आणि त्यात पानोपानी चित्रं असतात. व्हॅटिकनमध्ये एक आहे, पात्मोस बेटावरच्या मठात एक आहे. पण तिथेही देव वावटळीतून बोलतो म्हणजे काय दिसतं, तर वर कोपऱ्यात आकाशाची एक निळी कमान, त्यातून एक हात किंवा येशूचा अर्धा देह, आणि खाली ईयोब मान वर करून. कधी ढगाची पट्टी असते, कडा परकराच्या झालरीसारख्या. बस एवढंच. (या पोथ्यांत ईयोबची बायको नाकाला पदर लावून काठीच्या टोकाला भाकरी अडकवून त्याला देताना दिसते, वावटळीशी संबंध नाही पण बघाच.) वारा का काढला नाही याचं एक उत्तर पोप ग्रेगरीकडे मिळतं. ६व्या शतकाच्या शेवटी त्याने ईयोबवर ३५ भागांचं प्रचंड भाष्य लिहिलं, आणि त्याचं म्हणणं साधारण असं की देव वावटळीतून बोलला असं लिहिलंय कारण समोरचा माणूस मार खाऊन पडलेला होता. म्हणजे त्याच्या लेखी वावटळ म्हणजे ईयोबवर आलेलं संकट, आणि संकट तर फोडांच्या रूपात आधीच चित्रात आहे. त्या भाष्याची सगळ्यात गाजलेली पोथी फ्रान्समधल्या सीतो मठातली, ११११ ची, पण तिच्यात वावटळ शोधायला जाऊ नका, अक्षरांमध्ये लाकडं फोडणारे संन्यासी आणि ड्रॅगन आहेत.

पहिल्या अध्यायातला घर पाडणारा वारा मात्र हमखास सापडतो, आणि तो वारा म्हणून नाही तर सैतान म्हणून. घर वाकडं झालंय, खांब मोडलाय, आत टेबलाशी बसलेली पोरं, आणि छपरावर किंवा कोपऱ्याशी काळी, पंखवाली भुतं घर ढकलतायत. मजकुरात सैतान देवाची परवानगी घेऊन हे करतो म्हणून चित्रकाराने वारा काढायची भानगडच ठेवली नाही, सरळ करणाऱ्याला पकडलं. आणि हे फक्त चित्रकारांचं डोकं नव्हतं, वादळामागे कुणीतरी असतं ही समजूत लोकांत पक्की होती. ल्योंचा बिशप अगोबार्ड याने साधारण ८१५ च्या सुमारास यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, गारा आणि गडगडाटावर, त्यात तो वैतागून सांगतो की इथले लोक म्हणतात मॅगोनिया नावाच्या देशातून ढगांतून जहाजं येतात आणि वादळात आडवं झालेलं पीक भरून नेतात, आणि अशा जहाजातून पडले म्हणून चार जणांना, तीन पुरुष आणि एक बाई, लोक दगडांनी मारायला निघाले होते. अगोबार्डने ते थांबवलं. तेव्हा चित्रात वादळाच्या जागी भुतं दिसली की हसण्याआधी हे आठवा.

बरं, वावटळ म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही. सेव्हिलच्या इसिदोरने ७व्या शतकात लिहिलेल्या ज्ञानकोशात वारा उठतो आणि माती गोल फिरवतो ती वावटळ असं साफ लिहिलंय, आणि ते पुस्तक युरोपभर प्रत्येक बऱ्या मठात होतं. निसर्ग माहीत होता, काढायचा नमुना नव्हता.

यहेज्केलवर फार वेळ घालवू नका. त्याच्या चित्रात गोल फिरणारं काहीतरी दिसतं आणि लोक खूश होतात की सापडली, पण ती चाकं असतात, चाकात चाक. फ्लॉरेन्सच्या सान मार्को म्युझियममध्ये फ्रा आंजेलिकोचं जे गोल चक्राचं पॅनल आहे, १४५० च्या आसपासचं, तेही चाकच. वारा दर्शनाच्या पहिल्या ओळीत येतो आणि लगेच बाजूला पडतो.

वारा स्वतः हवा असेल तर डोकी शोधा. गाल फुगवलेली, तोंडातून रेघा निघणारी माणसांची डोकी, कधी पंखवाली, कधी शिंगवाली. रोमन लोकांनी नदीला माणूस केलं तसंच वाऱ्यालाही, आणि मध्ययुगाने ते जसंच्या तसं उचललं. स्पेनमध्ये गिरोनाच्या कॅथेड्रलमध्ये सृष्टीच्या उत्पत्तीचं भरतकाम केलेलं मोठं कापड आहे, साधारण ११०० चं, त्याच्या चार कोपऱ्यांत चार वारे आहेत, उघडे, पंखवाले, हवेच्या पखालींवर बसून शिंगं फुंकतायत. हे एकदा बघितलं की बाकी सगळे वारे ओळखता येतात. प्रकटीकरणाच्या ७व्या अध्यायात चार देवदूत पृथ्वीच्या चार कोपऱ्यांवर चार वारे धरून उभे असतात, तिथे चित्रकार काय करतात तर देवदूतांच्या हातात सरळ डोकी देतात. जर्मन चित्रकार ड्युररच्या याच प्रसंगाच्या १४९८ च्या लाकूडठशातही वारे म्हणजे ढगातून फुंकणारी डोकीच, आणि तोपर्यंत मध्ययुग संपत आलेलं.

समुद्रावरच्या वादळाच्या चित्रात हीच डोकी जहाजाच्या वर सापडतील, पण तिथे एक अपवाद आवर्जून बघा, हिट्डा कोडेक्स नावाची पोथी, साधारण १०२० ची, जर्मनीत डार्मश्टाटला आहे. जहाज तिरकं, शीड सुटून फडफडतंय, शिष्य घाबरून एका बाजूला दाटलेत, येशू झोपलाय, आणि खाली पाणी जवळपास नाहीच, नुसता रंग. वारा काढलेला नाही पण आख्खं पान कलंडलंय. हे चित्र बघताना फोन आडवा करायची इच्छा होते.

दांतेचं वेगळं प्रकरण आहे, कारण तिथे वारा हाच मुद्दा आहे. नरकाच्या दुसऱ्या वर्तुळात, ५व्या सर्गात, वासनेपायी वाहवत गेलेल्यांना कधीच न थांबणारं वादळ फिरवत राहतं, दांते त्यांची तुलना साळुंक्यांच्या जातीतल्या पक्ष्यांशी, मग क्रौंचांच्या रांगेशी आणि शेवटी पाओलो आणि फ्रांचेस्का या प्रेमिकांची जोडी येते तेव्हा कबुतरांशी करतो. १४व्या १५व्या शतकातल्या सचित्र पोथ्यांत हा सर्ग ओळखायला सोपा, नागडी माणसं पायाखाली जमीन नसताना आडवी तरंगतायत, आणि कडेला झगेवाले दोघं उभे राहून बघतायत, दांते आणि त्याला वाट दाखवणारा रोमन कवी व्हर्जिल. जोडी जोडीने तरंगणारी दिसली की पानावरचा मजकूर न वाचताही सर्ग कळतो.

आपल्याकडचा तृणावर्तही याच नजरेने बघता येतो. भागवताच्या दशम स्कंधात ७व्या अध्यायात आहे, कंसाने पाठवलेला दैत्य वावटळीच्या रूपात गोकुळात येतो, धुळीने कुणालाच काही दिसेना, यशोदेने जड झालेलं पोर नुकतंच मांडीवरून खाली ठेवलेलं, तेवढ्यात तो ते घेऊन वर उडतो, मग कृष्णाचं वजन त्याला झेपेना, कृष्ण गळा आवळतो आणि दैत्य दगडावर आपटून मरतो. मजकुरात धूळ, अंधार, खडे, सगळं आहे. पण लघुचित्रांमध्ये बहुतेक वेळा काय दिसतं? हवेत उडणारा दैत्य, काखेत किंवा खांद्यावर बाळ, खाली गोपी हात वर करून. घर पाडणाऱ्या भुतांसारखंच, वारा काढायच्या ऐवजी वारा ज्याचा आहे तो काढायचा. खुणाही तशाच लावा, दैत्याच्या गळ्याला बाळाचे हात असतील आणि तो आकाशात असेल तर तृणावर्त, बाळ बाईच्या छातीशी असेल तर पूतना, बैलगाडी उलटलेली असेल तर शकट. एकाच चित्रात वर उडणारा आणि खाली मरून पडलेला असे दोन दैत्य दिसले तर तो एकच आहे, दोन वेळा काढलेला.

आता शोधायचं कुठे. प्रिन्स्टनचं इंडेक्स ऑफ मेडिव्हल आर्ट बेस्ट, १९१७ पासून बनतंय आणि आता फुकट उघडं आहे, त्यात विषयाच्या यादीतून जा, एलीयाचं आरोहण असं थेट मिळतं. लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटचा फोटोंचा डेटाबेसही चांगला आहे. फ्रान्सच्या पोथ्या गॅलिका या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, व्हॅटिकनच्या त्यांच्या स्वतःच्या साइटवर. ब्रिटिश लायब्ररीचं सगळं ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात बंद पडलं होतं आणि हळूहळू परत आलंय, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरच्या लिंक चालल्या नाहीत तर हिरमुसू नका, पोथीचा नंबर कॉपी करून नव्याने शोधा. सर्चमध्ये वावटळ हा शब्द टाकूच नका, कॅटलॉग करणाऱ्याने चित्रात जे दिसलं ते लिहिलंय, म्हणजे रथ, झगा, सैतान, पडकं घर, वाऱ्याचं डोकं. ते टाका.

आणि चित्र सापडलं की स्क्रीनशॉटबरोबर तीन गोष्टी लगेच लिहून ठेवा, लायब्ररीचं नाव, पोथीचा नंबर, आणि पानाचा नंबर पुढची बाजू की मागची ते धरून, कारण जुन्या पोथीत पानाला नंबर एकच असतो आणि बाजू दोन.